क्लिक सेन्स सर्व्हरची रॅम कुठे जाते आणि ती कशी आवरायची

क्लिक सेन्स हे डेटावरचे चार्ट आणि रिपोर्ट दाखवणारं सॉफ्टवेअर. डेटा आणि चार्ट मिळून एक ॲप होतं, आणि गणित करणारा भाग म्हणजे इंजिन. टास्क मॅनेजरमध्ये या इंजिनसमोर ६४ पैकी ४५ जीबी रॅम दिसते. रात्री ऑफिस रिकामं होतं, तरी आकडा खाली येत नाही. मॉनिटरिंगचे मेल येत राहतात आणि शेवटी कोणीतरी इंजिन सर्व्हिस रीस्टार्ट करतं. आकडा पडतो खरा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं ॲप उघडणारा प्रत्येक जण ताटकळतो, कारण सगळा डेटा डिस्कवरून पुन्हा रॅममध्ये यावा लागतो. दुपारपर्यंत आकडा होता तिथेच येतो.

हे ४५ जीबी म्हणजे बिघाड नव्हे. क्लिकचं इंजिन असंच वागावं म्हणून बनवलेलं आहे. खरा बिघाड असतो तेव्हा त्याची लक्षणं वेगळी असतात. ती कशी ओळखायची आणि त्यावर काय करायचं, ते इथे दिलं आहे. सगळं वर्णन स्वतःच्या विंडोज सर्व्हरवर बसवलेल्या क्लिक सेन्स एंटरप्राइझचं आहे.

रॅममध्ये नेमकं काय असतं

तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे उघडलेल्या ॲप्सचा डेटा. ॲप एकदा उघडलं की ते पूर्णच्या पूर्ण रॅममध्ये येतं आणि सगळे वापरकर्ते ती एकच प्रत वापरतात. दुसरी म्हणजे कॅशे. कोणी एखादं सिलेक्शन केलं की चार्टचं उत्तर साठवून ठेवलं जातं, आणि दुसऱ्याने तेच सिलेक्शन केलं की गणित पुन्हा करावं लागत नाही. तिसरी म्हणजे गणित चालू असताना लागणारी तात्पुरती जागा.

रात्री न उतरणारा आकडा मुख्यतः पहिल्या दोन गोष्टींचा असतो. कॅशे रिकामी करायची घाई इंजिनला नसते, कारण मोकळी पडलेली रॅम कोणाच्याच उपयोगाची नाही. सर्व्हर ठप्प करणारी तिसरी गोष्ट असते. ती काही सेकंदांत कित्येक जीबी मागते आणि तितक्याच लवकर नाहीशी होते, त्यामुळे दर पाच मिनिटांनी घेतलेल्या नोंदीत ती बऱ्याचदा सापडतही नाही.

७० आणि ९०

क्लिकच्या मॅनेजमेंट कन्सोलमध्ये (सर्व्हरची सेटिंग्ज बदलायचं पान) इंजिन्स उघडा, आपला नोड, म्हणजे सर्व्हर, निवडा, एडिट करा आणि उजवीकडे ॲडव्हान्स्ड हा भाग चालू करा. तिथे किमान मेमरी वापर ७० टक्के आणि कमाल ९० टक्के असे मूळ आकडे दिसतील. ७० टक्क्यांपर्यंत इंजिन मोकळेपणाने कॅशे वाढवतं. ७० ओलांडले की जुनी, कमी वापरातली उत्तरं काढायला लागतं. ९० ही वरची मर्यादा. म्हणून ६४ जीबीच्या मशीनवर ४४.८ जीबीच्या आसपास स्थिरावलेला आकडा अगदी निरोगी आहे.

हे टक्के मशीनच्या एकूण रॅमचे असतात, आणि इथेच छोट्या सर्व्हरवर गडबड होते. ३२ जीबीच्या मशीनवर ९० टक्के म्हणजे २८.८ जीबी. उरलेल्या ३.२ जीबीत विंडोज, रिपॉझिटरी (ॲप्स आणि परवानग्यांची नोंद ठेवणारी क्लिकची सर्व्हिस), तिचा पोस्टग्रेस डेटाबेस, प्रॉक्सी (लॉगिन हाताळणारी सर्व्हिस) आणि अँटीव्हायरस बसवायचे. बसत नाहीत. अशा ठिकाणी कमाल ८० आणि किमान ६० ठेवा. उलट ५१२ जीबीच्या, फक्त इंजिन चालवणाऱ्या नोडवर १० टक्के म्हणजे ५१ जीबी नुसतेच राखून ठेवल्यासारखं होतं. तिथे ९५ चालतं.

त्याच पानावर ॲप कॅशे टाइम आहे, मूळ आकडा २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास. शेवटचा वापरकर्ता गेल्यावर इतका वेळ ॲप रॅममध्ये राहतं. महिन्यातून दोनदा उघडली जाणारी मोठी ॲप्स पुष्कळ असतील तर हा वेळ २ तासांवर आणा. रोजचीच ॲप्स असतील तर हात लावू नका, नाहीतर जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांना पुन्हा थांबावं लागेल. बदल केल्यावर इंजिन सर्व्हिस ठरलेल्या देखभालीच्या वेळेत रीस्टार्ट करा.

मॉनिटरिंगचा अलर्ट ७५ किंवा ८० टक्क्यांवर लावला असेल तर तो बदला. कमाल मर्यादेच्या वर सलग १० मिनिटं राहिलं तर, किंवा विंडोजची पेजिंग वाढली तर अलर्ट यावा. पेजिंग हे सगळ्यात खरं लक्षण. रॅममधला डेटा डिस्कवर जायला लागला की एका क्लिकला लागणारा अर्धा सेकंद अर्धा मिनिट होतो.

कोणतं ॲप किती खातं

अंदाजाने ॲप्स बंद करत बसू नका. लॉगिन केलेल्या ब्राउझरमध्ये सर्व्हरच्या पत्त्यापुढे एपीआय, व्ही १, ॲप्स, ॲपचा आयडी, डेटा, मेटाडेटा हे शब्द इंग्रजीत, लहान अक्षरांत, तिरप्या रेषा देऊन लिहा. जे पान येतं त्यात चार आकडे महत्त्वाचे आहेत. स्टॅटिक बाइट साइझ म्हणजे ॲपच्या डेटाने रॅममध्ये घेतलेली जागा. प्रत्येक फील्डची, म्हणजे कॉलमची, बाइट साइझ आणि कार्डिनल, म्हणजे त्यातली वेगवेगळी मूल्ये किती. आणि पीक मेमरी बाइट्स, म्हणजे शेवटच्या रीलोडच्या (ॲपमध्ये डेटा नव्याने भरण्याच्या) वेळी लागलेली सर्वाधिक मेमरी.

फील्ड बाइट साइझप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. बहुतेक ॲप्समध्ये वरच्या पाच-सहा फील्डांनीच मोठा वाटा घेतलेला दिसतो, आणि त्यात निदान एक फील्ड असं असतं की ज्यावर एकही चार्ट नाही. वेळेचे चढउतार बघायला कन्सोलसोबत येणारं ऑपरेशन्स मॉनिटर हे ॲप पुरेसं आहे.

डेटा मॉडेल: खरी बचत इथेच आहे

क्लिक प्रत्येक फील्डची वेगवेगळी मूल्ये एकदाच एका यादीत ठेवतं. टेबलच्या ओळींमध्ये मूल्य नसतं, त्या यादीतला क्रमांक असतो, आणि तो क्रमांक गरजेपुरत्याच बिटांत लिहिला जातो. चार मूल्ये असतील तर २ बिट, ३६५ असतील तर ९ बिट. म्हणजे रॅम वाढते ती नुसत्या ओळींमुळे नाही, वेगवेगळ्या मूल्यांमुळेही. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

बिलाची तारीख-वेळ घ्या. ५ कोटी ओळी, वर्षभराचा डेटा, सेकंदापर्यंतची वेळ, आणि त्यात २ कोटी वेगळी मूल्ये निघाली असं धरू. प्रत्येक ओळीत २५ बिटांचा क्रमांक, म्हणजे सुमारे १५६ एमबी. मूल्यांची यादी प्रत्येकी ८ बाइट धरून १६० एमबी, आणि मूल्याचं मजकूर रूपही साठवलं गेलं तर त्याच्या कितीतरी पट. आता तारीख आणि वेळ वेगळी करा. ३६५ तारखा, ८६,४०० सेकंद. ओळीतले बिट ९ अधिक १७, म्हणजे २६, जवळपास तेवढेच. पण मूल्यांची यादी १६० एमबीवरून १ एमबीच्याही खाली येते. वेळ लागतच नसेल तर ती टाकूनच द्या. मग ओळीत फक्त ९ बिट राहतात.

यात दोन चुका हमखास होतात. एक, डेटा लोड करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये नुसतं डेट फंक्शन लावणं. ते फक्त दिसण्याचा फॉरमॅट बदलतं, आतली वेळ तशीच राहते आणि रॅम एक बाइटही वाचत नाही. क्लिकमध्ये तारीख पूर्णांकात आणि वेळ अपूर्णांकात असते, म्हणून आधी फ्लोअर लावून अपूर्णांक काढा, त्यावर डेट लावा. दोन, वेळ काढण्यासाठी नुसतं फ्रॅक (फक्त अपूर्णांक देणारं फंक्शन) वापरणं. वेगवेगळ्या दिवशीची सकाळची १० वाजताची वेळ दशांशाच्या शेवटच्या स्थानांत किंचित वेगळी निघते आणि ८६,४०० ऐवजी लाखो मूल्ये तयार होतात. म्हणून फ्रॅकच्या उत्तराला राउंड लावा, पायरी १ भागिले ८६,४००. मिनिटं पुरत असतील तर १ भागिले १,४४०.

रॅम खाणारी दुसरी मोठी गोष्ट म्हणजे मजकुराची ‘की’, म्हणजे टेबलं एकमेकांना जोडणारं फील्ड. कंपनी, शाखा आणि बिल क्रमांक जोडून केलेली २० अक्षरांची की १ कोटी मूल्यांची असेल तर नुसता मजकूरच २०० एमबी होतो. स्क्रिप्टच्या शेवटी ऑटोनंबर विधान वापरून तिला १ पासून सुरू होणारे सलग पूर्णांक द्या. असे सलग क्रमांक असतील तर मूल्यांच्या यादीला जवळजवळ जागाच लागत नाही. प्रत्येक कीला स्वतंत्र मोजणी द्या. सगळ्या कींना एकच मोजणी दिली तर क्रमांकांत खंड पडतो आणि हा फायदा जातो. आणि क्यूव्हीडी, म्हणजे क्लिकच्या डेटा साठवायच्या फाइल्स, बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ऑटोनंबर कधीही लावू नका. एका रीलोडमध्ये एका बिलाला मिळालेला क्रमांक दुसऱ्या रीलोडमध्ये तोच असेल याची खात्री नसते, त्यामुळे वाढीव पद्धतीने (फक्त नव्या ओळी जोडत) भरलेल्या क्यूव्हीडींची जोडणी चुपचाप चुकते. हे काम शेवटच्या ॲपमध्येच करायचं.

बाकी सफाई सोपी आहे. स्टार वापरून सगळे कॉलम उचलू नका, लागतील तेवढेच नावाने लिहा. शेरा, पत्ता, सिस्टिमने दिलेली लांबलचक आयडी ही फील्ड आधी जातील. दशांश स्थळं दोनच लागत असतील तर लोड करतानाच राउंड करा.

चार्ट जे सर्व्हर ठप्प करतात

मॉडेल नीट असूनही अचानक उसळी येत असेल तर एखादा चार्ट शोधायला हवा. पहिला संशय एकमेकांशी न जोडलेल्या टेबलांवर घ्या. एका टेबलमध्ये १० लाख ओळी, दुसऱ्यात १,०००, आणि एकाच चार्टमध्ये दोन्हीकडची फील्ड आली तर इंजिनला १०० कोटी जोड्या तपासाव्या लागतात. वीस जणांनी असा चार्ट उघडायचीही गरज नसते, एकच पुरतो.

दुसरा संशय समच्या आत इफ लिहिलेल्या मेजरवर (चार्टमधल्या गणिताच्या सूत्रावर), त्यातही अट एका टेबलमधली आणि रक्कम दुसऱ्या टेबलमधली असेल तर. तिथे सेट ॲनालिसिस (अट सिलेक्शनसारखी बेरजेच्या आधीच लावायची पद्धत) वापरा. नग एका टेबलमध्ये आणि दर दुसऱ्यात असल्यास गुणाकार स्क्रिप्टमध्येच करून रकमेचं फील्ड तयार ठेवा. एक जादा फील्ड रॅममध्ये राहील, पण प्रत्येक क्लिकला होणारी जुळवाजुळव वाचेल. हा सौदा जवळजवळ नेहमीच परवडतो.

लाखो ओळींच्या टेबल चार्टला गणनेची अट घाला: निवडलेली बिलं ५०,०००पेक्षा कमी असतील तरच टेबल दिसेल, नाहीतर आधी महिना किंवा शाखा निवडायला सांगणारा संदेश. इंजिनच्या त्याच ॲडव्हान्स्ड पानावर एका हायपरक्यूबला (चार्टमागच्या गणिताच्या टेबलला) किती मेमरी द्यायची याचीही मर्यादा घालता येते. ती बाइटमध्ये लिहायची असते. ४ जीबी हवे असतील तर ४,२९,४९,६७,२९६ हा आकडा स्वल्पविरामांशिवाय लिहा. नुसता ४,००० लिहिला तर ते जेमतेम ४ केबी होतील.

रीलोड

रीलोड चालू असताना वापरकर्त्यांची जुनी प्रत रॅममध्ये असतेच, आणि नवी तिच्या शेजारी तयार होत असते. शिवाय स्क्रिप्टमधली तात्पुरती टेबलं. म्हणून रेसिडेंट लोड (आधी भरलेल्या टेबलवरून नवं टेबल बनवणं) झाल्या झाल्या जुन्या टेबलवर ड्रॉप चालवा, शेवटी एकदम नको. क्यूव्हीडी वाचताना नाव बदलणं आणि एका एक्झिस्ट्सची (मूल्य आधीच लोड झालंय का हे बघणारी) अट याशिवाय काही केलं नाही तर ऑप्टिमाइझ्ड लोड होतो, जो वेळ आणि मेमरी दोन्हींत हलका असतो. एखादं फंक्शन घातलं की तो सुटतो. जॉइन करण्याआधी उजव्या टेबलमध्ये की खरंच एकेकदाच येते का ते मोजा. की दोनदा आली तर ओळी दुप्पट होतात, बेरजाही चुकतात.

सगळे टास्क सकाळी ६ ला एकत्र सुटत असतील तर ते साखळीने एकामागे एक लावा. तरीही जड जात असेल तर रीलोडसाठी वेगळा नोड घ्या. रॅम वाढवण्यापेक्षा हा उपाय बऱ्याचदा जास्त टिकतो.

किती रॅम मागायची

खरेदीच्या वेळी अंदाज असा काढतात: डिस्कवरची फाइल गुणिले २ ते १०, आणि प्रत्येक एकाच वेळच्या वापरकर्त्यामागे त्या आकड्याचे १ ते १० टक्के. फाइल ८०० एमबी, पट ४ धरली तर ३.२ जीबी. वापरकर्त्यामागे ५ टक्के म्हणजे १६० एमबी, ४० जण म्हणजे ६.४ जीबी. एकूण ९.६ जीबी, एका ॲपसाठी. ॲप आधीपासून चालू असेल तर पट अंदाजाने धरू नका, स्टॅटिक बाइट साइझचा खरा आकडा घ्या. ज्या ॲपमध्ये सेक्शन ॲक्सेसने प्रत्येकाला वेगळा डेटा दिसतो, तिथे टक्के वरच्या टोकाचे धरा, कारण वेगळा डेटा पाहणाऱ्यांना एकमेकांची कॅशेतली उत्तरं वापरता येत नाहीत.

आलेल्या बेरजेला ०.७ ने भागा, म्हणजे हे सगळं किमान मर्यादेच्या आत बसेल. मशीन व्हर्च्युअल असेल तर तेवढी रॅम तिच्या नावाने पक्की राखून घ्या आणि डायनॅमिक मेमरी बंद ठेवायला सांगा. होस्टने, म्हणजे ती जिच्यावर चालते त्या खऱ्या मशीनने, आतल्या आत रॅम काढून घेतली तर क्लिकला ते कळत नाही. मशीनला स्वतःकडे ६४ जीबी दिसत राहतात, आणि वर सांगितलेली सगळी टक्केवारी त्या खोट्या आकड्यावर चालते.