मोडाची मटकी आणि अंगी लागणारं लोह
लेकी वयात आल्यापासून मी ताटातल्या लोहाकडे फार लक्ष देते. मटकी रात्री भिजत घाला, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत दुसरा दिवस उजाडतो. मोड आले की फायटेट, म्हणजे कडधान्यातला लोह अडवणारा घटक, कमी होतं आणि लोह जास्त अंगी लागतं. लिंबू मात्र उसळ ताटात वाढल्यावरच पिळा. लोह शोषायला मदत करणारं क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं. सोबत बाजरीची भाकरी, टोमॅटोची कोशिंबीर. जेवणावर लगेच चहा अजिबात नको, निदान तासभर थांबा. त्यातलं टॅनिन लोह अडवतं. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, लोणचं-पापड धरून.