बालरुग्णांच्या तातडीच्या व अतिदक्षता उपचारांत संशोधन कसे करावे: सांगली-मिरजेच्या निवासी डॉक्टरांसाठी

सांगली-मिरजेत बालरोगाचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांवर प्रबंधाचा विषय ठरवण्याची वेळ आली की अनेकांचा ओढा अतिदक्षता विभागाकडे असतो, आणि ते योग्यच आहे, कारण जत, आटपाडी, शिराळा अशा तालुक्यांतून ‘पुढे न्या’ असे सांगून पाठवलेली मुले शेवटी याच खाटांवर येतात. मात्र या विभागातले संशोधन बाह्यरुग्ण विभागातल्या संशोधनासारखे करता येत नाही. झटके येत असलेले किंवा शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडलेल्या अवस्थेत) गेलेले मूल समोर असताना निकष आठवत बसायला, फॉर्म शोधायला किंवा वरिष्ठांना विचारायला कोणालाही उसंत नसते. म्हणून ज्या ज्या गोष्टीला विचार लागतो ती मूल दारात येण्यापूर्वी पूर्ण झालेली असली पाहिजे, हे या कामाचे पहिले सूत्र मानावे. पुढचे सर्व सांगणे त्याच अनुषंगाने आहे.

सुरुवात प्रश्नापासून करावी आणि प्रश्न आपल्या खाटांच्या संख्येला झेपेल एवढाच धरावा. ‘अमुक उपचाराने सेप्सिसमधले (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या अवस्थेतले) मृत्यू कमी होतात का’ हा प्रश्न मोलाचा असला तरी त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. मृत्युदर १० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर येतो हे ८० टक्के पॉवर (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) ठेवून सिद्ध करायचे असेल, तर प्रत्येक गटात सुमारे १,३५० मुले लागतात. प्रबंधाच्या मुदतीत एका रुग्णालयाला हे शक्य नाही, आणि अपुऱ्या संख्येवर केलेला अभ्यास ‘फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष काढून पुढच्या वाचकाची दिशाभूल करतो. त्याऐवजी झटका थांबायला लागलेली मिनिटे, ऑक्सिजनची गरज संपायला लागलेले तास किंवा पाठवणीच्या वाटेवर गेलेला वेळ असे मोजमाप निवडले, तर कमी मुलांतही विश्वासार्ह उत्तर मिळू शकते. वैद्यकीय अधीक्षकांच्या परवानगीने मागील दोन वर्षांची नोंदवही काढून आपल्या निकषात बसणारी मुले महिन्याला किती आली हे मोजावे, आणि त्यांतली निम्मीच अभ्यासात येतील असे गृहीत धरावे.

लहान जागी राहून मोठ्या प्रश्नाला हात घालता येतो याचे उदाहरण घाटाच्या पलीकडेच आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणात लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण बारकाईने नोंदवले, विषामुळे हृदयावर आणि रक्तदाबावर काय परिणाम होतात हे ओळखले आणि प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा उपयोग दाखवून दिला. पुढे महाडमध्ये विंचूदंशाच्या ७० रुग्णांवर केलेली त्यांची रँडमाइज्ड (कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठीसारखे ठरवणारी) चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्या कामामागे यंत्रसामग्रीपेक्षा नेमका प्रश्न आणि खाटेशेजारी बसून केलेली नोंद होती.

त्याच विषयातला आपल्या भागाला साजेसा एक प्रश्न असा घेता येईल: प्राथमिक आरोग्य केंद्रातच प्राझोसिन मिळालेली मुले आणि आमच्याकडे आल्यावर ते मिळालेली मुले यांच्या हृदयाच्या कार्यात पोहोचतेवेळी फरक असतो का? प्रश्न साधा दिसतो, पण त्यात दोन खाचखळगे आहेत. आरोग्य केंद्रातले डॉक्टर औषध बहुधा अधिक आजारी दिसणाऱ्या मुलाला आधी देतात, त्यामुळे औषध मिळालेला गट मुळातच गंभीर असू शकतो. शिवाय वाटेत दगावलेले मूल आपल्या नोंदवहीत येतच नाही. पहिल्यासाठी दंशानंतरची लक्षणे आरोग्य केंद्राच्या चिठ्ठीवरूनच श्रेणीनुसार नोंदवावीत, आणि दुसऱ्यासाठी पाठवणाऱ्या केंद्रांशी दर आठवड्याला फोन करून पाठवलेल्या आणि पोहोचलेल्या मुलांचा मेळ घालावा.

यानंतर व्याख्या येतात, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ यांवरच खर्च करावा. ‘फीस्ट’ ही चाचणी युगांडा, केनिया आणि टांझानियात ३,१४१ मुलांवर झाली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ताप आणि रक्ताभिसरण मंदावल्याची चिन्हे असलेल्या मुलांना सलाइन किंवा अल्ब्युमिनचा बोलस (शिरेतून थोड्या वेळात भरभर दिलेला द्रव) दिला असता ४८ तासांतला मृत्युदर सुमारे १०.५ टक्के, तर बोलस न दिलेल्यांत ७.३ टक्के निघाला. पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेल्या उपचाराला या आकड्यांनी धक्का दिला. तरीही ही चाचणी वाचताना कोणती मुले घेतली आणि कोणती वगळली हे आधी पाहावे लागते. जुलाब-उलट्यांनी कोरडी पडलेली आणि तीव्र कुपोषित मुले त्या अभ्यासात नव्हती, ती रुग्णालये व्हेंटिलेटरसारख्या सोयी नसलेली होती, आणि हातपाय गार पडणे, केशिका भरण्यास तीन सेकंद किंवा अधिक लागणे, नाडी क्षीण असणे किंवा हृदयगती फार वाढणे यांपैकी एखादे चिन्हही, जोडीला शुद्ध मंदावलेली किंवा श्वासाचा त्रास असला तर, प्रवेशासाठी पुरेसे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शॉकच्या व्याख्येत मात्र गार हातपाय, तीन सेकंदांहून अधिक वेळ आणि क्षीण-वेगवान नाडी ही सर्व चिन्हे एकत्र लागतात. म्हणून ‘फीस्ट’चा दाखला देऊन जुलाबाने शॉकमध्ये गेलेल्या बाळाचे सलाइन अडवणे ही घोडचूक ठरेल. आपला प्रबंध वाचणाऱ्यालाही असाच विचार करता यावा, एवढ्या स्पष्टपणे समावेशाचे आणि वगळण्याचे निकष लिहावेत.

‘केशिका भरण्याचा वेळ’ एवढे लिहून भागत नाही. छातीच्या मध्यावर की बोटाच्या टोकावर, पाच सेकंद दाबून की सहज स्पर्श करून, कोणत्या उजेडात आणि सेकंद कोणी मोजायचे हे सर्व ठरवावे लागते. डिसेंबरच्या पहाटे दुचाकीवरून आणलेल्या बाळाचे बोट शॉक नसतानाही गार असते. त्यामुळे छातीवर पाच सेकंद दाबून, सोडल्यानंतर घड्याळाच्या सेकंदकाट्यावर रंग परत येईपर्यंत मोजायचे असा नियम लिहून काढावा, दोन निवासी डॉक्टरांनी एकाच मुलावर एकमेकांचे उत्तर न पाहता मोजून पाहावे, आणि उत्तरे जुळू लागल्यावरच अभ्यास सुरू करावा.

सेप्सिसच्या बाबतीत २००५ ची जुनी व्याख्या वापरणारे प्रबंध अजूनही दिसतात. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फीनिक्स निकषांनुसार संसर्गाची शंका असलेल्या मुलात श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठणे आणि मेंदू या चार संस्थांचे मिळून किमान दोन गुण झाले तर सेप्सिस म्हणावे, आणि त्यात रक्ताभिसरणाचा किमान एक गुण असेल तर सेप्टिक शॉक. रक्तातल्या लॅक्टेटची तपासणी केली नाही तर तिचे गुण धरले जात नाहीत. म्हणजे जिथे तपासण्या कमी होतात तिथे गुणही कमी भरतात. म्हणून कोणती तपासणी किती मुलांत झालीच नाही याचा तक्ता निष्कर्षांसोबत द्यावा.

परवानग्यांचे काम तुलनेने सरळ आहे, पण क्रम चुकवू नये. आधी एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) लेखी मंजुरी, मग क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात नोंदणी आणि त्यानंतरच पहिले मूल. १ एप्रिल २०१८ पासून ही रजिस्ट्री पहिला रुग्ण घेतल्यानंतरच्या चाचण्यांची नोंद स्वीकारत नाही. मंजूर औषधाचा नवा उपयोग, मार्ग किंवा मात्रा केवळ शैक्षणिक हेतूने तपासायची असेल, तर २०१९ च्या ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमां’नुसार औषध नियंत्रकांच्या स्वतंत्र परवानगीऐवजी एथिक्स कमिटीची मंजुरी पुरते; मात्र आपली चाचणी त्या चौकटीत बसते की नाही हे कमिटीकडून लेखी घ्यावे.

आता संमती. रात्री दोन वाजता, मुलाला मास्क लावलेला असताना, बाहेर उभ्या असलेल्या वडिलांना चार पानांचा फॉर्म देणे म्हणजे संमती घेणे नव्हे. आपल्याकडे बहुतेक पालक म्हणतात, “डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल तसं करा.” हा विश्वास आहे, आणि नेमका म्हणूनच त्याचा फायदा घेता कामा नये. अशा वेळी थांबून, खाली बसून, असे काही म्हणावे: “दादा, बाळावरचे उपचार सुरू झालेत आणि ते कशासाठीही थांबणार नाहीत. या आजारात दोन औषधं वापरली जातात, दोन्ही चालतात, पण जास्त चांगलं कोणतं ते अजून कुणालाच ठाऊक नाही. त्यांपैकी कोणतं द्यायचं ते चिठ्ठीवर ठरेल, मी ठरवणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी मी राग धरणार नाही आणि बाळाकडं लक्ष तेवढंच राहील. आता मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगाल का?” शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वडिलांनी “चांगलं औषध देणार म्हणालात” असे उत्तर दिले, तर समजलेले नाही असे धरून पुन्हा सांगावे. आई आत मुलाजवळ असेल तर तिलाही बोलवावे. आजी-आजोबांच्या होकारावर भागवू नये.

पालकांना वाचता येत नसेल तर संपूर्ण संवादाच्या वेळी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा, आणि अंगठ्याच्या ठशाबरोबर त्याची सही घ्यावी. जतच्या पूर्व भागातून येणाऱ्या अनेक कुटुंबांची घरची भाषा कन्नड आहे, त्यामुळे माहितीपत्रक कन्नडमध्येही तयार ठेवावे आणि कन्नड जाणणाऱ्या सिस्टरांची पाळी आधी पाहून घ्यावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाची लेखी अनुमती पालकांच्या संमतीबरोबर घ्यायची असते. बेशुद्ध मुलाला ती विचारता येत नाही, म्हणून ते सावध झाल्यावर विचारावे.

काही अभ्यासांत आधी संमती घेणे अशक्यच असते. न थांबणाऱ्या झटक्यांसाठी लेव्हेटिरॅसिटॅम आणि फेनिटोइन या औषधांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘एक्लिप्स’ चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, उपचार आधी देऊन संमती नंतर मागितली गेली. आपल्याकडे असे करायचे असेल तर एथिक्स कमिटीची त्यासाठीची आगाऊ मंजुरी अनिवार्य आहे. मूल दगावले तर पालकांशी केव्हा आणि कोणी बोलायचे हेही प्रस्तावातच लिहावे. ही जबाबदारी नव्या निवासी डॉक्टरावर कधीही टाकू नये.

रँडमायझेशनसाठी क्रमांक घातलेली, आरपार न दिसणारी बंद पाकिटे पुरतात, पण यादी अभ्यासाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने तयार करावी आणि पाकीट संमतीनंतर, मुलाचे नाव व वेळ त्यावर लिहून झाल्यावरच फोडावे. पात्र असूनही अभ्यासात न आलेल्या प्रत्येक मुलाची कारणासह वेगळी नोंद ठेवावी. फक्त सकाळी नऊ ते पाचमध्ये मुले घेतली गेली, तर रात्री एकशेआठच्या रुग्णवाहिकेतून येणारी मुले सुटतात आणि निष्कर्ष दिवसाच्या मुलांचाच राहतो. रात्रपाळीच्या इनचार्ज सिस्टरांना म्हणूनच पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे. कॅज्युअल्टीतले भिंतीवरचे घड्याळ, मॉनिटर आणि मोबाइल यांच्या वेळा क्वचितच जुळतात. एकच घड्याळ प्रमाण मानून दर सोमवारी बाकीची त्याच्याशी मिळवावीत, नाहीतर ‘औषध दिल्यापासून किती मिनिटे’ या मोजमापाला अर्थ उरत नाही. केसपेपरवर जे लिहिलेले नाही ते ‘नॉर्मल’ धरू नये, रिकामेच ठेवावे.

रक्त घेताना हात आखडता असावा. एका वेळी शरीरातल्या एकूण रक्ताच्या १ टक्क्याहून आणि चार आठवड्यांत ३ टक्क्यांहून अधिक रक्त संशोधनासाठी घेऊ नये, असा संकेत युरोपीय मार्गदर्शक सूचनांत आहे. किलोला ८० मिलिलिटर धरले तर सहा किलोच्या बाळाच्या अंगात सुमारे ४८० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे एका वेळी पाच मिलिलिटरही नाही. आजारी बाळात ही मर्यादाही आणखी खाली आणावी, नेहमीच्या तपासणीच्या नमुन्यातून उरलेल्या रक्तावर काम भागवावे आणि जादा तपासणीचा एक रुपयाही पालकांवर पडू देऊ नये.

पाठपुराव्याची आखणी आपल्या भागाच्या हंगामानुसार करावी लागते. ऊसतोडीच्या टोळीतले मूल जानेवारीत दाखल झाले आणि तीन महिन्यांनी तपासायचे ठरले, तर तोवर कारखान्याचा पट्टा पडून (गाळप हंगाम संपून) कुटुंब बीडकडे परतलेले असते. त्यामुळे वडिलांच्या नंबरासोबत गावाकडच्या नातलगाचा आणि तिथल्या आशाताईंचा नंबर त्यांच्या परवानगीने घ्यावा. मुकादमाचा नंबर निरोपापुरता घ्यावा. मुलाचा आजार त्याला कळता कामा नये. फोनवर विचारायचे प्रश्न आधीच ठरवून ठेवावेत, म्हणजे प्रत्यक्ष भेट न झाली तरी किमान माहिती मिळते.

निष्कर्ष लिहिताना रजिस्ट्रीत आधी नोंदवलेले मुख्य मोजमापच प्रथम मांडावे, मग ते आपल्या अपेक्षेविरुद्ध असले तरी. प्रबंध विद्यापीठात सादर झाल्यावर रजिस्ट्रीतली नोंद अद्ययावत करावी, एक पानाचा मराठी गोषवारा मुले पाठवणाऱ्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावा, आणि ज्या पालकांनी निष्कर्ष कळवा असे सांगितले होते त्यांना फोन करून सांगावे. या फोनसाठी लागणारी यादी संमतीच्या दिवसापासूनच वेगळी आणि कुलपात ठेवावी, कारण वर्षभराने ती केसपेपरांतून शोधून काढणे जवळजवळ अशक्य असते.