दादऱ्यातलं गाणं, संगणकातला ड्रमर

घरी गाणं रेकॉर्ड करायला बसलेल्या प्रत्येकाचं घोडं ड्रम्सपाशी अडतं. गिटार येत असते, आवाज आपला असतो, कीबोर्ड कुणाकडून तरी आणता येतो. ड्रमकिट मात्र ना फ्लॅटमध्ये मावतं, ना सोसायटी वाजवू देते. म्हणून व्हर्च्युअल ड्रम्स, म्हणजे संगणकातलं ड्रमकिट. आणि ते आता इतके चांगले आहेत की ठेका बसला नाही तर दोष त्यांना देता येत नाही.

रीपर, लॉजिक, क्यूबेस असं रेकॉर्डिंगचं काहीतरी सॉफ्टवेअर तुमच्याकडे आहे, एखादा ट्रॅक रेकॉर्ड केलाय, मिडी आणि पियानो रोल ही काय भानगड आहे ते माहीत आहे, असं धरून लिहिते. मी भावगीताच्या अंगाच्या चाली करते आणि गिटारवर गाते. नव्या गाण्याला ड्रम्स लावताना अजूनही माझी दमछाक होते, त्यामुळे हे कुणा पोहोचलेल्या माणसाचे धडे समजू नका.

आधी पैशांचं, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच भरकटतात. रीपर ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं आणि घरगुती वापरासाठी त्याचा परवाना ६० डॉलरचा आहे. व्हर्च्युअल ड्रम्समध्ये एमटी पॉवर ड्रमकिट फुकट मिळतं, स्टीव्हन स्लेट ड्रम्सची फुकट आवृत्तीही आहे. एवढ्यावर अख्खं गाणं होतं. सुपिरिअर ड्रमर, ॲडिक्टिव्ह ड्रम्स ही उत्तम साधनं आहेत, पण पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला जाऊ नका. एकच किट घ्या आणि त्याचा स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) हळू, मध्यम, जोरात कसा वाजतो ते पाठ होईपर्यंत दुसरं उतरवू नका. दहा किटं गोळा केलेल्या मुलांची गाणी मी ऐकली आहेत. प्रत्येक गाण्यात ड्रमर नवा आणि प्रत्येक गाण्यात तो पाहुणाच.

दुसरं, माउसने ठेका लिहिणार असाल तर ड्रम्ससाठी ऑडिओ इंटरफेस (माइक, गिटार संगणकाला जोडायचं यंत्र) घ्यायची काहीच गरज नाही. तो गाण्यासाठी आणि गिटारसाठी लागतो. दुकानदार वेगळं सांगेल.

आता ती जागा, जिथे मी कितीतरी दिवस अडकून पडले होते. सावकाश वाचा, कारण आपल्याकडच्या चाली करणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे एकदा तरी अडकतो.

आपली कितीतरी गाणी दादऱ्याच्या अंगाची असतात. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग: धा धी ना, धा ती ना. सॉफ्टवेअरच्या भाषेत ६/८. पण नवं प्रोजेक्ट उघडलं की ते ४/४ धरून बसलेलं असतं. आपण पायाने लय धरतो आणि पाय पडतो पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. समजा, पाय मिनिटाला ६० वेळा पडतोय. आपण वेगाच्या चौकटीत ६० लिहितो, क्लिक सुरू करतो. क्लिक पायाबरोबर पडते, गिटार होते, आवाज होतो. इथवर काहीच खटकत नाही.

मग लायब्ररीतला ६/८ चा एखादा छान ठेका उचलून ट्रॅकवर टाकतो. पहिली किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, अचूक. स्नेअर मात्र पायाच्या दोन ठोक्यांच्या मधोमध. पुढची किक पुन्हा पायाबरोबर. पुढचा स्नेअर पुन्हा अधांतरी.

कारण असं आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये बीपीएम म्हणजे मिनिटाला किती क्वार्टर नोट. ६/८ च्या एका आवर्तनात सहा एट्थ नोट, म्हणजे तीन क्वार्टर. एका क्वार्टरमध्ये आपल्या दोन मात्रा बसतात. पायाच्या एका ठोक्यात मात्र तीन मात्रा आहेत. तुम्ही ६० लिहिलंत, म्हणजे ड्रमरला मिनिटाला १२० मात्रा वाजवायला सांगितल्यात, आणि तुम्ही गाताय १८० मात्रांच्या लयीत. तुमचं आवर्तन दोन सेकंदांचं, त्याचं तीन सेकंदांचं. पाय दर सेकंदाला पडतो, म्हणून त्याची दर तीन सेकंदांनी येणारी किक प्रत्येक वेळी पायावरच पडते. एकदा समेवर, एकदा चौथ्या मात्रेवर, पण पायावर नक्की. स्नेअर येतो त्याच्या चौथ्या मात्रेवर, म्हणजे दीड सेकंदाला, साडेचारला, साडेसातला. तिथे पाय नसतोच.

कान फसतो तो या किकमुळे. किक बसतेय म्हटल्यावर वेग चुकला असेल असं मनातही येत नाही. संशय आधी स्नेअरवर जातो, मग लेटन्सीवर (संगणकातून आवाज उशिरा येण्यावर), मग स्वतःच्या हातावर. मी एकेक स्नेअर माउसने ओढून पुढे-मागे केला. ज्यांना विचारलं त्यांनी बफर (संगणक आवाजाचा केवढा तुकडा एका वेळी हाताळतो तो आकडा) कमी करून बघ म्हणून सांगितलं. मी गाणंसुद्धा पुन्हा गायले, कारण तोवर माझीच लय कच्ची आहे अशी खात्री झाली होती. हे शेवटचं फार वाईट असतं. ज्याची लय मुळात चांगली आहे तोच माणूस या जागी स्वतःवरचा विश्वास घालवून बसतो.

सुटका केली तबला वाजवणाऱ्या ओळखीच्या एका काकांनी. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. डोळे मिटून दोन-चार आवर्तनं ऐकली, मांडीवर बोटं चालली होती. मग म्हणाले, "अगं, तू त्याच्या आडीत गातेयस. तुझी तीन होतात तेव्हा त्याची दोन होतात. गाणं बरोबर आहे तुझं, त्याला लय सांगताना चुकलीस."

आड म्हणजे दीडपट. उपायही तेवढाच. प्रोजेक्टचं टाइम सिग्नेचर ६/८ करा आणि पायाच्या ठोक्यांना दीडने गुणा. पाय ६० वर असेल तर ९० लिहा, ७२ वर असेल तर १०८, ८० वर असेल तर १२०. क्लिकमध्ये पहिली आणि चौथी मात्रा ठळक करून घ्या, नाहीतर सहा सारखे टोले ऐकून डोकं उठतं.

आधीच रेकॉर्ड करून बसला असाल तर घाबरू नका, गायलेलं वाया गेलेलं नाही. वेग बदलण्याआधी ऑडिओ क्लिप वेगाबरोबर ताणल्या जाणार नाहीत अशी सोय करा. रीपरमध्ये टाइमबेस 'टाइम'वर ठेवला की झालं. मग ६/८ आणि ९० करा. आवाज आणि गिटार जिथल्या तिथे राहतात, फक्त त्यांच्याखालची ग्रिड, म्हणजे मात्रांच्या उभ्या रेषा, बदलते, आणि तोच लायब्ररीतला ठेका पहिल्या झटक्यात बसतो. तो क्षण अनुभवण्यासारखा असतो.

४/४ मध्येच ६० ठेवून ट्रिपलेटची (एका ठोक्याचे तीन सारखे भाग करणारी) ग्रिड घेऊन ठेका हाताने लिहिला तरी चालतं. पण मग लायब्ररीतले ६/८ चे ठेके उचलून टाकायचे नाहीत. दोन्ही एकदम केलंत की पुन्हा तोच घोळ. केरव्याला हा त्रास नाही. त्याच्या आठ मात्रा ४/४ च्या एका बारमध्ये आठ एट्थ म्हणून निमूट बसतात. रूपक असेल तर ७/८ घ्या आणि ठेका स्वतःच लिहा. तिथे सम हीच खाली, म्हणजे टाळी न देण्याची हलकी जागा, असते, त्यामुळे पहिल्या मात्रेवर डोळे झाकून किक ठोकणारा तयार ठेका बहुधा गाण्याच्या अंगावर येतो.

खालीचा विषय निघालाच आहे तर. दादऱ्याची चौथी मात्रा खाली धरतात आणि पुढची 'ती' डग्ग्याशिवाय वाजते. ठेक्याचा उत्तरार्ध हलका असतो. रॉकच्या ६/८ मध्ये मात्र सगळ्यात मोठा स्नेअर नेमका चौथ्यावर. वेग दुरुस्त झाल्यावर मी ट्रॅक पुन्हा काकांना ऐकवला, तर ते म्हणाले, "खालीवर एवढं जोरात कोण मारतंय?" रॉकचं गाणं असेल तर मारायचंच आहे. पण हळव्या चालीत चौथ्यावर पूर्ण स्नेअरऐवजी क्रॉसस्टिक घ्या, म्हणजे काठी कडेवर आडवी टेकवून येणारा टक् असा आवाज. जनरल मिडीच्या नकाशात तो ३७ नंबरवर असतो. किक ३६, स्नेअर ३८, बंद हायहॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) ४२, पायाने मिटलेला ४४, उघडा ४६. काही किटं स्वतःचा नकाशा वापरतात, तेव्हा एकदा तपासून घ्या.

यानंतरचं काम वेलॉसिटीचं, म्हणजे ठोका किती जोरात ते सांगणाऱ्या आकड्याचं. १ ते १२७ हा केवळ आवाज कमी-जास्त करण्याचा आकडा नाही. चांगल्या किटमध्ये हळू, मध्यम आणि जोरात मारलेल्या ठोक्यांची वेगवेगळी रेकॉर्डिंग असतात आणि वेलॉसिटीवर त्यातलं कुठलं वाजायचं ते ठरतं. सगळे ठोके १२७ वर ठेवलेत तर ड्रमर गाणंभर जीव तोडून मारत राहतो. माझ्या एका संथ गाण्यातलं आवर्तन असं आहे: हायहॅटचे सहा ठोके ९२, ५८, ६६, ८४, ५५, ६४, किक पहिल्यावर १००, सहाव्यावर हलकीशी ६०, क्रॉसस्टिक चौथ्यावर ७८. हे आकडे उतरवून घेऊ नका, त्यांची चढ-उतार बघा. सम सगळ्यात वजनदार, चौथी तिच्याखाली, सहावी पाचवीपेक्षा थोडी वर, कारण ती पुढच्या समेकडे ढकलते. अंतऱ्याला जाताना हीच चढ-उतार ठेवून सगळं थोडं वर न्या.

ह्युमनाइझचं बटण दाबू नका. मला त्या बटणाचा राग आहे. ते प्रत्येक ठोका यदृच्छेने थोडा इकडे-तिकडे सरकवतं आणि कमी-जास्त करतं. माणूस असा वाजवत नाही. माणसाच्या कमी-जास्त होण्याला कारण असतं: हात कुठून येतोय, पुढे काय येतंय, गायक कुठे श्वास घेतोय. त्या बटणाने यंत्राचा माणूस होत नाही, कच्चा वादक होतो. वर वेलॉसिटी रेकॉर्डिंगच्या सीमेपलीकडे उडी मारते आणि मधलाच एखादा स्नेअर भलत्याच ड्रमचा वाटतो. क्वांटाइझ, म्हणजे ठोके ग्रिडकडे ओढून घेणं, मात्र वाईट नाही. कीबोर्डवर बोटांनी ठेका वाजवून मग ५०-६० टक्के क्वांटाइझ करून बघा. ठोके ग्रिडजवळ येतात आणि तुमच्या हाताचा कलही शाबूत राहतो.

ड्रमरला दोन हात आणि दोन पाय असतात, हे लिहिताना सारखं आठवावं लागतं. उजवा हात क्रॅशवर (मोठ्या झांजेवर) गेला की त्याच क्षणी तो हायहॅटवर नसतो. टॉमवर उठाण घेताना दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून तेवढा वेळ हातांनी वाजणारा हायहॅट थांबलाच पाहिजे. पायाचा चालेल. ऐकणाऱ्याला नेमकं काय खोटं आहे ते सांगता येत नाही, पण खोटं आहे एवढं कळतं. एक संध्याकाळ काढून खरा ड्रमर वाजवताना त्याचे फक्त हात बघा. पैसे भरून करायच्या कोर्सपेक्षा ते जास्त शिकवतं. आणि आपल्या चालींसाठी गुरू शोधायचा तर तबलजी किंवा ढोलकीवाला शोधा. सॉफ्टवेअर न येणारा, पण मात्रा मोजता येणारा माणूस सॉफ्टवेअर येणाऱ्या दहांपेक्षा उपयोगी पडतो, हे माझं मत आता पक्कं झालंय.

ड्रम्स लावून गाताना संगणक अडखळायला लागला तर ड्रमचा ट्रॅक फ्रीझ करा किंवा त्याचा ऑडिओ करून घ्या आणि प्लगइन बंद ठेवा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला १२८ चा बफर म्हणजे साधारण ३ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २३. गाताना लहान, मिक्स करताना मोठा. लेटन्सीबद्दल यापेक्षा जास्त काळजी करण्यात अर्थ नाही.

मिक्सिंग हा वेगळा लेख होईल. दोनच गोष्टी. तयार प्रीसेटमध्ये कॉम्प्रेशन आणि रिव्हर्ब आधीच ओतलेला असतो, तो ऐकायला भव्य वाटतो आणि गाण्यात आवाज गिळतो, तेव्हा शक्य तितकं कोरडं किट घ्या. आणि हायहॅटचा फेडर पूर्ण खाली आणूनही तो ऐकू येत असेल तर गोंधळू नका, तो किटच्या वर लावलेल्या ओव्हरहेड माइकमधून येतोय. त्याचा उपाय फेडरवर नाही, वेलॉसिटीत आहे.

पुढेमागे हे गाणं खऱ्या ड्रमरकडून वाजवून घ्यायचं असेल तर त्याला ड्रम्सशिवायचा ट्रॅक, क्लिकचा वेगळा ट्रॅक आणि तुमच्या ठेक्याची मिडी फाइल द्या. सगळ्या फाइली एकाच बिंदूपासून सुरू होऊ द्या, नाहीतर त्याच्याकडे त्या जुळणार नाहीत. आणि वेग सांगताना नुसतं 'नव्वद' म्हणू नका. "६/८, क्वार्टर ९०, पाय ६० वर, चौथ्यावर क्रॉसस्टिक" असं पूर्ण लिहून द्या.