मुलाच्या किडनीतला क्लिअर सेल सार्कोमा : परळला निघण्याआधी

विल्म्स ट्यूमर (मुलांच्या किडनीत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर) समजून काढलेली गाठ रिपोर्टात ‘क्लिअर सेल सार्कोमा’ हा किडनीचा दुसराच, दुर्मीळ कॅन्सर निघाली, की घरात धावपळ सुरू होते ती पैशांची आणि मुंबईत राहण्याच्या सोयीची. तीही लागणारच. पण टाटा मेमोरियलला निघण्याआधी हातात हवेत ते गाठीचे ब्लॉक, म्हणजे ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात मेणात जपून ठेवलेले तुकडे, आणि त्यांच्या स्लाइड्स, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या काचपट्ट्या. नुसत्या रिपोर्टावर भागत नाही. मुलांच्या किडनीच्या गाठींमध्ये हा प्रकार शंभरात तीन ते पाच एवढाच. बऱ्याचदा तो विल्म्ससारखा दिसतो आणि औषधे मात्र वेगळी लागतात. म्हणून मोठ्या केंद्रातले पॅथॉलॉजिस्ट स्वतः पुन्हा तपासतात. सायक्लिन डी-१ आणि बीकॉर हे स्टेन (गाठीचा प्रकार ओळखण्यासाठी पेशींना रंग देऊन केलेल्या तपासण्या), गरज पडली तर बीकॉर जनुकाची चाचणी, हे सगळे त्या ब्लॉकवरच होते. तेव्हा लेखी अर्ज करा, ओळखपत्र न्या, आणि प्रत्येक ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टातल्या नंबराशी तिथेच ताडून घ्या. प्रवासात ते जवळच्या पिशवीत ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत मेण टिकत नाही.

डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशन नोटही मागा. काढताना गाठ फुटली होती का, शेजारच्या लसिकाग्रंथी तपासणीला पाठवल्या का, यावर आजाराची स्टेज ठरते, आणि नेमके हेच कार्डावर नसते. नोटमध्येही नसेल तर सर्जनकडून दोन ओळी लिहून घ्या. ऑपरेशनआधीच्या सीटी स्कॅनची सीडी घ्या, फक्त फिल्म नको.

हा आजार हाडांत आणि मेंदूत जाऊ शकतो. त्यामुळे छातीच्या सीटीखेरीज बोन स्कॅन किंवा पेट (PET) स्कॅन, आणि मेंदूचा एमआरआय सांगतील. हे गावातच उरकून जाऊ असे वाटते, पण आधी टाटाच्या डॉक्टरांना विचारा. तपासणी पुन्हा करावी लागली, तर लहान मुलाला पुन्हा गुंगी द्यावी लागते.

केमोत डॉक्सोरुबिसिन हे औषध असते. या आजारातून मुले वाचण्याचे प्रमाण वाढले ते मुख्यतः त्यानेच. पण ते हृदयावर ताण देते, म्हणून आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होतो. रेडिएशनही बहुतेकदा लागते. एकच किडनी उरली असेल तर आयबुप्रोफेनसारखे वेदनाशामक, काढे, भस्मे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका (आजीला हे आधीच सांगून ठेवलेले बरे). लसीकरणाचे कार्ड न्या. केमो चालू असताना जिवंत लसी (दुबळे केलेले जिवंत जंतू असलेल्या) थांबवतात.

रेशनकार्ड, मुलाचे आधार आणि जन्मदाखला यांच्या मूळ प्रती व झेरॉक्स घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजना, रेल्वेची सवलत, राहण्याची सोय, सगळे रुग्णालयातल्या समाजसेवकांना पहिल्याच दिवशी विचारा.

उपचार अनेक महिने चालतात. घरी पाठवतील तेव्हा ताप आला तर रात्री कुठे जायचे ते आधीच ठरवा. केमोच्या दिवसांत १००.४ फॅरनहाइटला पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणे धोक्याचे असते. उपचार संपल्यावर फाइल माळ्यावर टाकू नका. हा आजार काही वर्षांनीही उलटतो, कधी थेट मेंदूत. सतत डोके दुखणे, सकाळच्या उलट्या, एकाच हाडात ठणका असे काही दिसले, तर गावच्या डॉक्टरांपुढे आधी ती फाइल ठेवा.