इलॅस्टिक आर्टरी या नावानेच माझा घात केला

इंटिमा, मीडिया, अ‍ॅडव्हेन्टिशिया हे रक्तवाहिनीच्या भिंतीचे आतून बाहेर तीन थर तुम्हाला पाठ असतीलच, मलाही होते, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघडा सांगितले असते. तरी स्पॉटिंगला, म्हणजे स्लाइड ओळखायच्या परीक्षेला, मायक्रोस्कोपवर वाकलो, लुमेनच्या (आतल्या पोकळीच्या) कडेने गुलाबी चकचकीत नागमोडी रेघ दिसली आणि खुशीत लिहून आलो, इलॅस्टिक आर्टरी (लवचिक भिंतीची धमनी). ती मस्क्युलर (स्नायूंच्या भिंतीची) होती.

आता हे नीट वाचा. ती रेघ म्हणजे इंटर्नल इलॅस्टिक लॅमिना, इंटिमा आणि मीडियाच्या मधला लवचिक पडदा. आपल्याला वाटतं रेघ इलॅस्टिकची म्हणजे आर्टरीपण इलॅस्टिक. तिथेच फसतो. मस्क्युलर आर्टरीचा मीडिया बहुतेक सगळा स्मूथ मसलचा, त्यामुळे ती एकटी रेघ उठून दिसते, आणि नागमोडी का, तर मसल आकसलेला असतो म्हणून. एओर्टा ही हृदयातून निघणारी मोठी इलॅस्टिक आर्टरी, तिच्यात मीडियामधेच इलॅस्टिकचे थरावर थर, मोठ्या माणसात साधारण ५० तरी, मग त्यातली पहिली रेघ कुठली हे कोण ओळखणार? लॅमिना असते हो, पण गर्दीत हरवते. म्हणजे रेघ एकटी ठसठशीत दिसली तर मस्क्युलर, आणि वेगळी काढता येईना, मीडियाभर रेघाच रेघा, तर इलॅस्टिक. परत एकदा वाचा, प्लीज.

आणि एच अँड ई स्टेनमधे, म्हणजे स्लाइडच्या नेहमीच्या रंगात, या रेघा इतक्या फिक्या असतात की मला आठवडाभर दिसल्याच नाहीत, वाटलं आपल्याला हे जमणारच नाही. शेवटी लॅबमधले टेक्निशियन काका म्हणाले, "अरे, डायफ्रॅम जरा बंद कर की, किती उजेड घेतोयस." डायफ्रॅम म्हणजे मायक्रोस्कोपची उजेड कमी-जास्त करायची झडप. केला, तर रेघा काचेसारख्या चमकायला लागल्या. सिनियरच्या पीडीएफमधे हे कुठेच नव्हतं, त्यात नुसती बाणं काढलेली चित्रं. माझं स्पष्ट मत, पीडीएफपेक्षा काकांना धरा.

व्हेनबद्दल (म्हणजे शिरेबद्दल) 'गोल ती आर्टरी, चपटी ती व्हेन' असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या, रक्ताने भरलेली व्हेन मस्त गोल दिसते. जाड थर कुठला ते बघा. आर्टरीत मीडिया, मोठ्या व्हेनमधे अ‍ॅडव्हेन्टिशिया. इन्फिरिअर व्हेना कॅव्हाच्या (शरीराच्या खालच्या भागाचं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या व्हेनच्या) अ‍ॅडव्हेन्टिशियात तर मसलचे उभे जुडगे असतात, आडव्या कापात ठिपक्याठिपक्यांचे पुंजके दिसतात, ते एकदा बघितलं की चुकायचं नाही. कॅपिलरीत, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिनीत, तीन थर शोधत बसू नका, एंडोथेलियम (आतलं पेशींचं अस्तर), बेसल लॅमिना (त्याखालचा पातळ पडदा), अधूनमधून एखादा पेरिसाइट (बाहेरून चिकटलेली पेशी), संपलं.

घाबरू नका, एवढं अवघड नाहीये. पण स्लाइड बघून चित्र स्वतः काढा, दुसऱ्याच्या जर्नलवरून छापू नका. मी नंतर एओर्टा काढायला बसलो, रेघांवर रेघा मारत गेलो, चौदाव्या रेघेला पेन्सिलचं टोक मोडलं आणि मीडिया अजून अर्धापण झाला नव्हता.