आकडीचं प्रशिक्षण व्हीआरवर देताय? या चुका टाळा

मिरजेत मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम करताना, फिट आलेलं मूल छातीशी धरून धावत आलेले आईबाप मी वर्षानुवर्षं बघतेय. कुणाच्या मुठीत अजून चमचा असतो, तर कुणाच्या बोटावर आपल्याच लेकराच्या दाताची जखम असते. मूल तोवर बहुतेक वेळा शांत झोपलेलं असतं. थरथरत असतात ते आईबाप. म्हणून आम्ही काही जणी गेली काही वर्षं पालकांना व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी दृश्याचा) हेडसेट घालून सराव देतो. चष्म्यासारखा तो डबा डोळ्यांवर चढवला की समोर खोली दिसते, खोलीत मूल असतं, आणि मुलाला फिट येते. मग पालकांनी काय करायचं ते करायचं.

सांगली जिल्ह्यातली एक आई माझ्या कायम लक्षात राहील. सरावाआधी मी विचारलं, तेव्हा तिने सगळी उत्तरं बरोबर दिली. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कुशीवर वळवायचं. दहा मिनिटांनी हेडसेटमधल्या मुलाला झटके सुरू झाले आणि तिचा हात थेट त्याच्या तोंडाकडे गेला. तक्ता पाठ होता, पण हाताला त्याची खबर नव्हती. व्हीआरचा खरा उपयोग इथे आहे. हाताची जुनी सवय आपल्यासमोर उघडी पडते आणि तिथल्या तिथे मोडता येते. पण सराव चुकीच्या पद्धतीने झाला तर हेच साधन आईची भीती वाढवून तिला घरी पाठवतं. आमच्या हातून झालेल्या आणि इतर ठिकाणी बघितलेल्या चुका म्हणूनच इथे लिहितेय.

न विचारता हेडसेट चढवणं

ही सगळ्यात घातक चूक. हेडसेटसोबतच्या सूचनापत्रातच लिहिलेलं असतं की साधारण ४,००० जणांत एकाला चमकणाऱ्या चित्रांमुळे चक्कर किंवा फिट येऊ शकते. आपण तर अशा घरांत जातो जिथे आकडी आधीच आहे, आणि कधी कधी ती आईलाच लहानपणी येऊन गेलेली असते. ते ती आपणहून सांगत नाही, सासरी माहीत नसतं. त्यामुळे सगळ्यांसमोर विचारू नका. बाजूला घेऊन विचारा, "ताई, तुम्हाला कधी फिट, बेशुद्धी, अर्धशिशी? दिवस गेलेत का?" उत्तर हो आलं किंवा नुसती चुळबुळ दिसली, तरी हेडसेट नको. तेच दृश्य टीव्हीवर दाखवा, शिकणं थांबत नाही.

आजारी मुलाच्या डोक्यावर तर हेडसेट कधीच नको, त्याने कितीही हट्ट केला तरी. कंपन्या स्वतःच १० किंवा १३ वर्षांखालच्या मुलांना तो देऊ नका म्हणतात. दृश्य बनवून घेताना रुग्णवाहिकेचा लुकलुकणारा दिवाही काढायला सांगा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारं काहीही त्यात नसावं.

पहिल्याच मिनिटाला झटके दाखवणं

चार दिवसांपूर्वी ज्या बाईच्या मुलाला पहिली फिट आली, तिच्या डोळ्यांसमोर तेच चित्र अजून फिरत असतं. तिला आल्या आल्या निळ्या ओठांचं मूल दाखवलं तर ती शिकणार नाही, रडेल. मग आपल्याला वाटतं, प्रशिक्षण मनाला भिडलं! ते भिडणं नव्हे. आधी दोन मिनिटं नुसती खोली दाखवा, खेळणारं मूल दाखवा, मान इकडेतिकडे फिरवू द्या. हात वर केला की आम्ही लगेच थांबवतो, हे आधीच सांगून ठेवा. आणि शेजारी खांद्याला हात लावून एक माणूस बसलेलंच पाहिजे. डोळे झाकल्यावर बाईमाणसाला आपल्याभोवती कोण आहे ते कळत नाही, आणि त्या अस्वस्थपणात निम्मं लक्ष जातं.

उभं राहून हेडसेट घालायला देऊ नका. मूल खाली पडलेलं दिसलं की आई धावते आणि भिंतीवर आदळते. आम्ही सतरंजी घालून जमिनीवर बसवतो. घरी करायचं तेही जमिनीवरच असतं.

दुसऱ्याच्या घरात सराव करणं

बाहेरून आलेल्या तयार दृश्यात गालिचा, पलंग, दिवाणखाना असतो आणि फोन लागतो ९११ ला. विट्याकडच्या किंवा जतच्या आईला त्यातून काय मिळणार? तिची खोली वेगळी. तिथे पाट, कळशी, पेटता गॅस, दाराशी उंबरा आणि दहा माणसांची गर्दी. फिट आली की कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी मुठीत किल्ली कोंबतं. दृश्यात ही माणसं हवीतच. आईने त्यांना "काकू, थांबा, वारा येऊ द्या" असं मोठ्याने म्हणण्याचा सरावही हवा. कांदा नको हे आईला कळतं, पण सासूच्या हातातला कांदा बाजूला सारणं त्याहून अवघड असतं.

भाषेचंही तेच. "अपस्मार" म्हटलं की चेहरे कोरे होतात. आकडी, फिट, झटके, फेफरं, जो शब्द घरात चालतो तोच वापरा. जतच्या सीमेवरच्या गावांत कन्नड आवाजही तयार ठेवा.

फोन मात्र १०८ लाच लावायला शिकवा, आणि पत्ता सांगण्याचा सराव घ्या. ऊस उभा असला की मळ्यातलं घर रस्त्यावरून दिसत नाही. "डेअरीच्या पुढचा फाटा, बॅटरी घेऊन माणूस उभा करतो" हे वाक्य शांतपणे बोलायला खरोखर सराव लागतो.

घड्याळ पळवणं

या चुकीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण ती जवळपास प्रत्येक तयार दृश्यात असते. फिट चाळीस सेकंदांत संपते आणि पडद्यावर अक्षरं येतात, "पाच मिनिटे झाली". बनवणाऱ्याला वाटतं, बघणारा कंटाळेल. पण शिकवायचा मुद्दाच तो वेळ आहे.

बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांपुढे गेलेली मोठी झटक्यांची फिट आपणहून थांबण्याची शक्यता कमी होत जाते, म्हणून २०१५ साली आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने ५ मिनिटांची रेघ ठरवली. त्यापुढे औषध द्यायचं आणि दवाखाना गाठायचा. आता ही रेघ ओळखणार कशी? मूल आचके देत असताना एक मिनिट दहा मिनिटांसारखं जातं. आमच्याकडे आलेल्या कितीतरी वडिलांनी "अर्धा तास चालली हो" असं सांगितलंय, आणि शेजाऱ्याच्या फोनवरच्या वेळा जुळवल्या तर तीन मिनिटं निघालीत.

म्हणून आमच्या दृश्यात फिट खऱ्या वेळेत चालते. भिंतीवर घड्याळ असतं. "किती वाजले?" हा पहिला प्रश्न आईने स्वतःला मोठ्याने विचारायचा. मग कुशीवर वळवायचं, गळ्याजवळचं बटण सोडायचं, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल, आसपासची कळशी दूर. एवढं सगळं करून एक मिनिटही झालेलं नसतं! आता उरलेली मिनिटं नुसतं शेजारी बसायचं, लाळ बाहेर गळू द्यायची, श्वास बघायचा. या रिकाम्या मिनिटांत बायका चुळबुळतात, मला विचारतात, "सिस्टर, आता काय करू?" काही करायचं नाही. बसून राहायचं. हे बसून राहणं पहिल्यांदा अंगवळणी पडतं ते इथेच, आणि तोंडात चमचा घालणारा हात यानेच थांबतो. दृश्य पळवलं तर हा धडाच हातून जातो.

दर वेळी फिट पाच मिनिटांवर नेऊही नका. दोनदा ती दोन-अडीच मिनिटांत थांबू द्या, एकदा लांबवा. नाहीतर पालकांच्या मनात बसतं की प्रत्येक आकडी दवाखान्यातच संपते.

फवाऱ्याचा सराव हवेत घेणं

डॉक्टर घरी ठेवायला मिडाझोलमचा, म्हणजे फिट थांबवणाऱ्या औषधाचा, नाकातला फवारा लिहून देतात. हेडसेटमध्ये हातातल्या रिमोटचं बटण दाबलं की फवारा मारला जातो, आणि आईला वाटतं, जमलं. खरी बाटली उभी धरायची असते, पहिल्यांदा हवेत दाबून चालू करायची असते, मान वाकडी झालेल्या मुलाच्या नाकपुडीत टोक बसवायचं असतं. हे बोटांना बाटलीनेच कळतं. आम्ही रिकाम्या बाटल्या साठवून ठेवतो, त्यात पाणी भरतो आणि हेडसेट उतरवल्यावर लगेच बाहुलीवर करून घेतो. बाहुली नसेल तर उशी गुंडाळून तिला मुलाचं झबलं घालायचं. हसू नका, झबलं घातल्यावर आया उशीला वेगळ्याच हाताने वळवतात.

मात्रा वजनावर ठरते, साधारण किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला २ मिलिग्रॅम, म्हणजे एका दाबात अर्धा मिलिग्रॅम देणारी बाटली असेल तर ४ दाब, दोन एका नाकपुडीत, दोन दुसऱ्या. पण सगळ्या बाटल्यांचा दाब सारखा नसतो, म्हणून किती दाब आणि कितव्या मिनिटाला हे तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलंच पाळा. तो आकडा चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावून द्या. हे न करता पालकांना घरी पाठवणं मला चुकीचंच वाटतं.

फक्त आईला बसवणं

फिट आईला विचारून येत नाही. ती अंगणवाडीत येते, शाळेच्या व्हरांड्यात येते, आई द्राक्षबागेत डिपिंगला (घड औषधात बुडवायच्या कामाला) गेलेली असताना आजीसमोर येते. आजीला डबा डोळ्यांवर नको असतो, मग चित्र टीव्हीवर लावा आणि तिला सुनेशेजारी बसवा. एकदा तिने पाहिलं की कांदा आपोआप मागे पडतो, कारण घरातला शब्द तिचा असतो. अंगणवाडी ताई, वर्गशिक्षक आणि मुलाला गाडीवरून शाळेत सोडणारा चुलता यांनाही जरूर बोलवा.

यंत्राच्या कुरबुरी

चित्र धूसर दिसतंय अशी तक्रार आली तर आधी पट्टा बघा. अंबाड्यावर पट्टा बसत नाही, हेडसेट खाली घसरतो. अंबाडा सोडून सैल वेणी घालायला सांगा. मग दोन भिंगांमधलं अंतर तिच्या डोळ्यांतल्या अंतराशी जुळवा. तरीही धूसर असेल तर भिंगावर तेल किंवा कुंकू लागलेलं असतं, ते कोरड्या मऊ कापडाने पुसा, भिंगाला सॅनिटायझर लावू नका. चेहऱ्याला टेकणारा भाग मात्र प्रत्येकीनंतर पुसायचा.

चित्र आपोआप सरकत असेल तर खोलीत उजेड कमी आहे किंवा समोर कोरी भिंत आहे. ट्यूब लावा, भिंतीवर कॅलेंडर टांगा. हेडसेट खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच ठेवू नका, भिंगातून ऊन आत गेलं की पडदा जळतो. आणि दृश्य आधीच उतरवून ठेवा, उपकेंद्रात नेट मिळेल या भरवशावर जाऊ नका. आम्ही एकदा वीस पालकांना तासभर ताटकळत ठेवलंय. त्यातल्या काही जणी रोजंदारी सोडून आल्या होत्या.

कधी थांबायचं नाही, हे न सांगणं

कुशीवर वळवून वाट बघा, हे शिकवताना उलट बाजूही तितक्याच ठळकपणे सांगा. पहिलीच फिट असेल, मूल सहा महिन्यांच्या आतलं असेल, एक फिट संपून शुद्ध यायच्या आत दुसरी आली, डोक्याला मार लागला, पाण्यात असताना आली, किंवा झटके थांबूनही श्वास नीट नाही, तर पाच मिनिटं मोजत बसायचं नाही. लगेच निघायचं. आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाण्याचा घोटही नाही.

एकदा दाखवून मोकळं होणं

हेडसेटमध्ये आलेले गुण वहीत लिहून काम संपत नाही. महिन्याने फोन करा, "उशी घ्या आणि मला बोलून दाखवा, काय कराल?" अर्ध्या जणी कुशीवर वळवतात पण वेळ बघायला विसरतात. त्यांना पुन्हा बोलवा. दर तीन महिन्यांनी मुलाचं वजन विचारा. फवारा लिहून दिला तेव्हा १२ किलोचं असलेलं मूल आता १५ किलोचं झालेलं असतं आणि चिकटपट्टीवर जुनाच आकडा असतो. डॉक्टरांकडून तो बदलून घ्यायला सांगा आणि फोन ठेवायच्या आधी बाटलीवरची मुदत मोठ्याने वाचायला लावा.