अमेरिकेतलं एम.इंग.: विषय सगळे पास, तरी पदवी का अडते? या चुका टाळा

अमेरिकेत मास्टर ऑफ इंजिनिअरिंग, म्हणजे एम.इंग., ही बहुतेक ठिकाणी ३० क्रेडिट्सची पदवी. तीन क्रेडिट्सचा एक विषय धरला तर दहा विषय होतात. संशोधनाचा थीसिस सहसा नसतो, त्याऐवजी प्रोजेक्ट किंवा कॅपस्टोन (शेवटी करायचा मोठा प्रोजेक्ट) असतो. कॉर्नेलमध्ये तर या ३० क्रेडिट्समध्येच प्रोजेक्ट धरलेला असतो. दहा विषय पास करायचे, एवढंच तर आहे, असं वाटून मुलं निर्धास्त राहतात. मग शेवटच्या सेमिस्टरच्या तोंडावर कळतं की ट्रान्सक्रिप्टवर (विद्यापीठाच्या गुणपत्रकावर) ३३ क्रेडिट्स दिसतायत, पण पदवीसाठी धरलेत २७च.

क्रेडिट्स गळतात कुठे?

पदवीचे विषय गटांत वाटलेले असतात: मुख्य विषय, विभागातले ऐच्छिक विषय, मॅनेजमेंट किंवा लीडरशिपचा भाग, आणि प्रोजेक्ट. एका गटात जास्तीचा विषय घेतला म्हणून दुसऱ्या गटातली कमतरता भरून निघत नाही. एकच विषय दोन गटांत मोजायलाही सहसा परवानगी नसते.

दुसरी गळती पातळीची. जिथे ५०० आणि त्यापुढच्या क्रमांकाचे विषय मास्टर्सचे मानतात, तिथे ४०० च्या पातळीचे एक-दोनच विषय चालतात, काही ठिकाणी एकही नाही. शाखा बदलणाऱ्यांना याचा फटका जास्त बसतो. मेकॅनिकल करून कॉम्प्युटरकडे वळलात आणि प्रवेशपत्रात डेटा स्ट्रक्चर्स करण्याची अट असेल, तर तो विषय करावाच लागतो, फीही भरावी लागते, पण बहुतेक वेळा तो ३० मध्ये धरत नाहीत. पास-नापास पद्धतीने घेतलेल्या विषयांचंही बऱ्याचदा तेच होतं.

दुसरीकडून क्रेडिट्स आणणार असाल तर मर्यादा बहुधा सहा ते नऊ क्रेडिट्सची असते, ग्रेड किमान बी लागते, आणि आधीच्या पदवीसाठी वापरलेले विषय पुन्हा चालत नाहीत. क्वार्टर पद्धतीतून (जिथे सत्रं सेमिस्टरपेक्षा लहान असतात) आणताना हिशोब वेगळा: ४५ क्वार्टर क्रेडिट्स म्हणजे ३० सेमिस्टर क्रेडिट्स. त्यामुळे तिकडचा तीन क्रेडिट्सचा विषय इकडे दोनच भरतो.

यावर उपाय साधा आहे. पहिल्याच महिन्यात विद्यापीठाच्या कॅटलॉगमधून तुमच्या प्रवेशवर्षाची यादी काढा (पुढच्या वर्षीची नव्हे, नियम प्रवेशवर्षाचे लागतात), गटांचे रकाने आखा आणि प्रत्येक विषय एकाच रकान्यात लिहा. ही शीट ॲडव्हायजरला ईमेलने पाठवून होकार लेखी घ्या. तोंडी 'चालेल' हे डिग्री ऑडिटच्या (पदवीच्या अटी पूर्ण झाल्या का, या तपासणीच्या) वेळी उपयोगी पडत नाही.

जीपीए: बी मायनस म्हणजे पास, पण पुरेसं नाही

भारतात चाळीस टक्क्यांना पास होण्याची सवय असते, म्हणून ही चूक आपल्या मुलांकडून हमखास होते. पदवीसाठी एकूण जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी) बहुतेक ठिकाणी ३.० लागतो. बी म्हणजे ३.०, बी मायनस म्हणजे २.७. म्हणजे सगळीकडे बी मायनस मिळवून प्रत्येक विषय पास झालात तरी पदवी नाही.

आकडेच मांडून बघू. पहिल्या सेमिस्टरला तीन विषय: बी, बी मायनस आणि सी प्लस (२.३). नऊ क्रेडिट्सवर २४ गुणांक (ग्रेड गुणिले क्रेडिट्स), जीपीए २.६७. तीस क्रेडिट्सवर ३.० साठी ९० गुणांक लागतात, म्हणजे उरलेल्या सात विषयांतून ६६. पाच विषयांत बी, एकात बी प्लस (३.३) आणि एकात ए मायनस (३.७) मिळालं तर काठावर बरोबर ३.० होतं. हे जमण्यासारखं आहे. पण तेच दुखणं शेवटपर्यंत अंगावर काढलं आणि ३० क्रेडिट्सनंतर २.९ वर अडकलात, तर आणखी एक अख्खा विषय घेऊन त्यात पूर्ण ए (४.०) मिळवलं तरच ३.० होतं. ए मायनसही पुरत नाही. वर तीन क्रेडिट्सची फी आणि आणखी एका सेमिस्टरचा राहण्याखाण्याचा खर्च.

म्हणून पहिल्या सेमिस्टरला चार अवघड विषय एकदम घेऊ नका. मिडटर्मनंतर गाडी घसरताना दिसली तर विषय सोडण्याची शेवटची तारीख बघा. पण सोडण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, कारण फुल-टाइमसाठी लागणारे क्रेडिट्स (बऱ्याच ठिकाणी नऊ) त्यांच्या परवानगीशिवाय कमी झाले की एफ-१ चा (विद्यार्थी व्हिसाचा) दर्जाच धोक्यात येतो. 'इन्कम्प्लीट' घेतलेला (काम नंतर पूर्ण करण्याची मुदत मिळालेला) विषयही विसरू नका. ठरलेल्या मुदतीत काम दिलं नाही तर त्याचा बऱ्याच ठिकाणी आपोआप एफ, म्हणजे नापास, होतो.

भारतातून न आलेले कागद

प्रवेश मिळाला तरी अंतिम मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्र पोहोचेपर्यंत पुढच्या सेमिस्टरची नोंदणी अडवून ठेवतात. पदवीदान समारंभ उशिरा होतो, म्हणून निघतानाच प्रोव्हिजनल प्रमाणपत्र आणि सीलबंद ट्रान्सक्रिप्टचे दोन-तीन जादा संच सोबत घ्या. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांच्या विद्यापीठ ट्रान्सक्रिप्टवर पहिलं वर्ष नसतंच, आणि तिकडचा माणूस विचारतो की चार वर्षांतलं एक कुठे गेलं. एमएसबीटीईच्या (महाराष्ट्राच्या डिप्लोमा मंडळाच्या) सहाही सेमिस्टरच्या मार्कशीट सोबत जोडल्या की प्रश्न मिटतो.

शेवटची सेमिस्टर

पदवीसाठीचा अर्ज वेगळा करावा लागतो, तो आपोआप होत नाही. बहुतेक ठिकाणी त्याची मुदत सेमिस्टरच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच संपते. ती चुकली तर विषय पूर्ण असूनही पदवीची तारीख पुढच्या सेमिस्टरवर जाते.

एकच विषय उरला असेल तर कमी क्रेडिट्सची परवानगी डीएसओकडून (इंटरनॅशनल ऑफिसमधल्या, एफ-१ चं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडून) आधीच घ्या. आणि तो विषय ऑनलाइन घेऊ नका. एफ-१ वर एका सेमिस्टरला ऑनलाइनचे जास्तीत जास्त तीन क्रेडिट्स फुल-टाइममध्ये धरतात. एकमेव उरलेला विषय मात्र वर्गात बसूनच करावा लागतो.

इंटर्नशिपचंही बघा. सीपीटीसाठी (शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीसाठी) एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं लागतं. जानेवारीत सुरुवात केलेल्यांचा पहिला उन्हाळा एकाच सेमिस्टरनंतर येतो, त्यामुळे अभ्यासक्रमातच लगेच इंटर्नशिप सक्तीची नसेल तर तो उन्हाळा हातचा जातो. प्रवेश घेतानाच हे धरून चाला. फुल-टाइम सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली तर त्या पातळीवरच्या पदवीची ओपीटी (आपल्या विषयात काम करण्याची परवानगी, जी बहुतेक जण पदवीनंतर वापरतात) मिळत नाही.

ओपीटीचा अर्ज प्रोग्रामच्या शेवटच्या तारखेआधी ९० दिवसांपासून नंतरच्या ६० दिवसांपर्यंत करता येतो. प्रोग्राम १५ मे रोजी संपत असेल तर १४ फेब्रुवारी ते १४ जुलै. पण या मुदतीच्या आत आणखी एक मुदत आहे आणि तीच चुकते: डीएसओने सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत) शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत अर्ज यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे) पोहोचलाच पाहिजे. म्हणून ही शिफारस असलेलं नवीन आय-२० (विद्यापीठ देतं तो एफ-१ चा कागद) मागण्याआधी फोटो, पासपोर्टची प्रत आणि फीसाठीचं कार्ड तयार ठेवा. आय-२० हातात आलं की त्यावरची शिफारशीची तारीख बघा आणि ३० दिवस तिथूनच मोजा. ईमेल तुम्हाला चार दिवसांनी दिसला असेल तरी ते चार दिवस गेलेलेच असतात.